मुकी तालीम

आधीच सांगून टाकतो, मला शाळा आवडत नाही. लहानपणी आवडली नाही आणि आता केस पिकल्यावर आवडायचं काही कारण नाही. मी एका नृत्य कंपनीत पियानो वाजवतो. नाचणारे सराव करतात तेव्हा मी वाजवतो, ते रंगमंचावर नाचतात तेव्हा मी खाली अंधारात बसून वाजवतो. स्वतःला नाच म्हणाल तर अजिबात येत नाही. बायको म्हणते, तुम्ही चालतासुद्धा बेताल. असो. तर अशा माणसाला कंपनीने शाळेत पाठवलं, तेही एकदोन दिवसांसाठी नाही, चांगला दीड महिना.

आमच्याकडे शिक्षण विभाग म्हणून एक प्रकार आहे. कंपनीतला एक नाचणारा आणि एक वाजवणारा अशी जोडी शाळेत जाऊन राहते, म्हणजे रोज सकाळी जाते, एका वर्गाला हाताशी धरते आणि आमच्या एखाद्या नाचाचा तुकडा त्यांच्याकडून बसवून घेते. शेवटी मुलं तो सगळ्यांसमोर करून दाखवतात. कागदावर वाचलं तर फार उदात्त वाटतं. पण कंपनीतले लोक त्या विभागाला माळा म्हणतात. कुणाचं वय झालं, कुणाचा खांदा निखळला, की कुजबूज सुरू, "गेली बिचारी माळ्यावर." घरात नको झालेलं सामान जिथे टाकतात तो माळा. तिथे वर्षानुवर्षं जीव ओतून शिकवणारी माणसं आहेत, त्यांच्या कानावर हे जात नसेल असं थोडंच आहे? पण नाचणारी जमात तशी दुष्टच, काय करणार.

या खेपेला माळ्यावर गेली ती आमची ताई. कंपनीतले सगळे तिला ताई म्हणतात. मी एकटा पोरी म्हणतो, कारण ती पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा अगदी कोवळी पोर होती आणि मला मूलबाळ नाही. तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मॅडमनी, म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीण, दिग्दर्शिका, सगळं काही त्याच, तिला बोलावून स्वच्छ सांगितलं, "तू शाळा कर. शेवटच्या दिवशी मी मुलांना बघायला येईन, तेव्हा तुलाही बघेन. मग ठरवू, यंदा मोठा नाच कोण करणार."

मोठा नाच म्हणजे कंपनीची शान. त्यातली मुख्य भूमिका मॅडमनी ताईवर बेतली होती, तिच्या उंचीची, तिच्या हातांची, तिच्या श्वासाची. गेली कित्येक वर्षं ती तीच करत होती. आणि आता एक नवी मुलगी तयार होऊन बसली होती. मुलगी गुणी, त्यात वाद नाही. मला तिचा राग यायचा तो ती गुणी आहे म्हणूनच. थोडक्यात काय, ताईने गुडघा बरा झालाय हे दाखवलं तर भूमिका तिची, नाहीतर पाणी सोडा. आणि ताई सगळ्यांना सांगत होती, गुडघा एकदम ठणठणीत आहे.

शाळेचा हॉल नेहमीचाच. वर बास्केटबॉलची रिंग, भिंतीला टेकवलेल्या गुंडाळलेल्या चटया, फिनेलचा वास. पियानो कोपऱ्यात, त्याच्यावर कुणीतरी ट्रॉफ्या मांडून ठेवलेल्या. मी झाकण उघडलं आणि एक पट्टी दाबली, तर तिच्या शेजारच्या दोन खाली गेल्या. पीटीचे मास्तर हाताची घडी घालून दारात उभे होते. त्यांचा हॉल आम्ही बळकावला होता, त्यामुळे त्यांच्या कपाळावरची आठी दीड महिना तशीच राहिली. मला ते आवडले. माझ्याइतकाच वैतागलेला माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता.

मुलं आली. सहावीचा वर्ग. मुलांचा लोंढा म्हणजे काय असतो हे तुम्हाला माहीत असेल, मी सांगत बसत नाही. ताई एक शब्द बोलली नाही. त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि तिने एक हात हळूच वर उचलला.

हा मॅडमचा नियम. शाळेत गेलात की तोंड बंद. नाव सांगायचं नाही, "मुलांनो, आज आपण" वगैरे काही नाही, चूक-बरोबर नाही. पाठ करून उभं राहायचं आणि करायचं. मुलं बघतील आणि उचलतील. आम्ही याला मुकी तालीम म्हणतो. मॅडमचं म्हणणं असं की मुलांना जन्मभर सगळे बोलूनच शिकवतात, एखाद्याने तरी गप्प बसून शिकवावं. तालीम संपल्यावर गप्पा मारा, हसा, पण नाच चालू असताना अळीमिळी गुपचिळी.

पहिल्या दिवशी गोंधळ झाला. कुणी खिदळलं, कुणी दुसऱ्याच्या पायावर पाय दिला, एकाने रिंगला लटकायचा प्रयत्न केला आणि मास्तर धावले. पण चारेक दिवसांत मी मान वळवून पाहिलं, तर अख्खा वर्ग तिच्या मागे तिच्यासारखा हात उचलत होता. तिने मान कलती केली की सगळ्या माना कलत्या. शप्पथ सांगतो, मला बरं वाटलं. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "बघा, शाळा आवडायला लागली." मी म्हटलं, उगाच काहीतरी बोलू नकोस.

त्यांच्यात एक मुलगी होती. बारकी, दोन घट्ट वेण्या, आणि तोंडाचा पट्टा असा की विचारू नका. तालीम संपली रे संपली की ती ताईला गाठायची. हाच पाय आधी का? हात इथे का थांबतो? तुम्ही काल डोळे मिटले होते, आज का नाही? स्वतःची चूक झाली हे मान्य करणं तिच्या रक्तातच नव्हतं. शेजारच्याला धक्का मारून वर त्यालाच विचारायची, "तू इथे उभा का होतास?" मी तिचं नाव वकील ठेवलं. तिने मला टिंगटिंगकाका केलं. फिट्टंफाट.

आता त्या नाचातल्या उतरणीबद्दल सांगायला हवं. उतरण म्हणजे एका पायावर उभं राहून हळूहळू, कुठेही न अडकता, जमिनीपर्यंत खाली जायचं. बघायला सोपं. करायला महाकठीण, कारण सगळा भार एका गुडघ्यावर येतो. मॅडमनी मुलांना बसवायला दिलेल्या तुकड्यात ती होतीच. मुलं हलकी असतात, त्यांना जमते. प्रश्न मुलांचा नव्हताच.

ताई उतरायला लागली की अर्ध्यात तिचा डावा हात मांडीवर यायचा. अगदी सहज आल्यासारखा. कंबर जराशी बाहेर जायची. आणि नाकातून एक छोटा श्वास, "हं." मग ती उरलेली खाली जायची. मला हे पहिल्या आठवड्यातच दिसलं. दिसणारच, इतकी वर्षं मी तिच्या श्वासावर वाजवतोय. मी काय केलं? त्या "हं"पाशी सूर किंचित लांबवला. एवढासाच. तिला हात ठेवायला आणि सावरायला वेळ मिळेल इतका. ऐकणाऱ्याला वाटावं की गाणं तसंच आहे. दुसऱ्या दिवशीही लांबवला. मग ते तसंच बसून गेलं. तिला मी याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही.

हॉलच्या मागे चेंडू ठेवायची खोली होती. तालीम झाली की ताई तिथे चटयांच्या ढिगावर बसायची आणि गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरायची. गुडघा सुजून चांगला टरटरला होता. मी दारात पाठ करून उभा राहायचो, कुणी येऊ नये म्हणून. पहारेकरीच झालो होतो म्हणा ना.

"काका, दिसतंय का हो?" एकदा तिने विचारलं.

"काय दिसायचंय?"

"नाटकं नका करू. उतरताना दिसतं का?"

मी वळून पाहिलं. घामाने केस कपाळाला चिकटलेले, डोळे माझ्यावर. तिला काय ऐकायचंय हे मला स्वच्छ कळत होतं.

"छे," मी म्हटलं. "काही दिसत नाही."

"रोज केलं की सुटेल," ती म्हणाली. "शेवटच्या दिवसापर्यंत सुटेलच. ती पोरगी माझी भूमिका करणार आणि मी इथे चेंडू मोजत बसणार? मेले तरी नाही, काका."

"मरायच्या गोष्टी करू नकोस. बर्फ नीट धर, सगळं पाणी जमिनीवर सांडतंय."

मी खोटं बोललो. तिला बरं वाटावं म्हणून बोललो, पण खोटं ते खोटंच. आणि मी तर तिला सूर लांबवून रोज शेंडी लावत होतो. तिला वाटत होतं की ती वेळेत उतरते. वेळच तिच्यासाठी थांबत होती, हे तिला कुठे माहीत होतं?

मग एका दुपारी शाळेच्या फाटकापाशी एका बाईने मला अडवलं. अंगावर नर्सचा गणवेश, हातात वकिलाचं दप्तर. वकील पलीकडे मैत्रिणीशी भांडत होती.

"तुम्ही नाचवाल्या कंपनीचे ना?" बाई म्हणाली. "एक विचारू का? राग मानू नका."

राग मानू नका म्हटलं की मला आधीच राग येतो. पण म्हटलं, विचारा.

"आमची ही घरी जिना उतरताना मांडीवर हात ठेवते. खाली बसताना 'हं' करते. आधी आम्ही हसलो, म्हटलं म्हातारीची नक्कल करते. पण आता ती रोज तसंच करते, लक्षातसुद्धा येत नाही तिच्या. मी दवाखान्यात दिवसभर हेच बघते हो, गुडघा गेलेले पेशंट असेच बसतात. आमच्या घरात कुणाचा गुडघा दुखत नाही. मग ही शिकली कुठून?"

मी वळून वकिलाकडे पाहिलं.

"आणि काल म्हणाली, कंबर दुखते," बाई म्हणाली. "अकरा वर्षांची पोर. कंबर दुखायचं वय आहे का हे?"

मी काहीतरी पुटपुटलो, बघतो, सांगतो, असं काहीसं. दुसऱ्या दिवशी तालमीत मी पहिल्यांदाच ताईकडे पाहिलं नाही, मागे मुलांकडे पाहिलं. उतरण आली. अख्ख्या वर्गाचे डावे हात मांड्यांवर आले. सगळ्या कमरा एकाच बाजूला बाहेर गेल्या. आणि अख्खा वर्ग एका दमात म्हणाला, "हं."

इतके दिवस हे माझ्या पाठीमागे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता, कारण माझे डोळे हिच्यावर आणि कान पियानोवर. ताईला तर दिसायची सोयच नव्हती, तिची पाठ मुलांकडे. पाहिलं होतं फक्त मास्तरांनी. तालीम झाल्यावर मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "मला वाटलं तुमची कला आहे."

पोरांचं काय चुकलं? त्यांना शिकवलंच होतं तसं. जसं दिसेल तसं करा. त्यांनी हात उचलला, मान उचलली आणि दुखणंही उचललं. त्यांच्यालेखी ते सगळं नाचच होतं.

चेंडूंच्या खोलीत मी तिला सगळं सांगून टाकलं. वकिलाची आई, कंबर, सगळ्यांचं मिळून झालेलं "हं", आणि माझं सूर लांबवणंही. आधी ती हसली. मग तिचा चेहरा उतरला. मग ती माझ्यावर अशी उखडली की बाहेर मास्तरांनाही ऐकू गेलं असेल.

"तुम्ही थांबत होता? रोज? आणि मला वाटतंय, मी सुधारतेय! काका, परक्याने फसवलं असतं तर समजले असते!"

"चुकलं माझं."

"चुकलं काय चुकलं! उद्या थांबायचं नाही. ऐकलंत? जरासुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी मी थांबलो नाही. जसं लिहिलंय तसं वाजवलं. ती दात ओठ खात हात न लावता उतरायला गेली, आणि सूर पुढे निघून गेला, ती मागे राहिली. पुन्हा केलं, पुन्हा मागे. तिसऱ्या वेळी ती अर्ध्यातच उभी राहिली. मागे वर्गही अर्ध्यात उभा राहिला, इमानेइतबारे. तालीम संपल्यावर वकील आलीच.

"ताई, आज वेगळं का केलं? कालचं चूक होतं का?"

"नाही, तसं नाही. आजपासून हात लावायचा नाही."

"पण मग तुम्ही का लावत होतात?"

ताईने टॉवेल उचलला आणि चेंडूंच्या खोलीकडे निघाली. वकिलांसमोरून भलेभले पळ काढतात.

खरं तर तिथेच, त्या क्षणी, सांगता आलं असतं. एक वाक्य. माझा पाय दुखतो, तुम्ही तसं करू नका. पण ते वाक्य हॉलमधून स्टाफरूममध्ये, स्टाफरूममधून मुख्याध्यापकांकडे आणि तिथून मॅडमच्या कानावर जायला कितीसा वेळ लागतो? शेवटचा दिवस तोंडावर आला होता. तिने दुसरा मार्ग काढला. उतरणच गाळून टाकली. मुलं उभी राहून हात पसरतील आणि पुढचा भाग सुरू. मुलांची कंबर वाचली, तिचं बिंग फुटायचं वाचलं. मी हो म्हटलं. मला तो मार्ग पटला नव्हता, पण तिची भूमिका जावी असं मला कुठे वाटत होतं? माझा जीव तिच्यात अडकलेला. न्यायनिवाडा करायला दुसरी माणसं आहेत.

शेवटच्या दिवशी हॉल भरला. मागे आईबाप, पुढे खुर्च्यांवर शिक्षक, मधोमध मॅडम. पांढरे केस, ताठ पाठ, पर्स मांडीवर. वकिलाची आई गणवेशातच आली होती. ट्रॉफ्या मास्तरांनी स्वतः उतरवून ठेवल्या, मला न विचारता. ताईने लांब, सैल विजार घातली होती, खाली गुडघ्याला घट्ट पट्टा. मला आत बोलावून म्हणाली, "मुलांचं झालं की मॅडम मला करायला सांगतील. मी करेन. एकदा तर करेन ना, काका? एकदाच करायचंय."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग पियानोपाशी जाऊन बसलो.

मुलं नाचली. काय सांगू तुम्हाला, सुरेख नाचली. एरवी रिंगला लटकणारा तो गुंडसुद्धा असा हात उचलत होता की त्याची आई तोंडावर रुमाल धरून बसली. उतरणीच्या जागी सगळ्यांनी हात पसरले आणि पुढे गेले. संपलं. टाळ्या कितीतरी वेळ चालू होत्या. मॅडमही उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या, आणि मॅडम सहसा उभ्या राहत नाहीत.

मग त्या पुढे आल्या. "फार छान," मुलांना म्हणाल्या. आणि ताईकडे वळून, अगदी सहज, "उतरण गाळलीस?"

"मुलांना जड जात होती, मॅडम."

"ओ, नाही हं!" वकील. दुसरं कोण असणार. "आम्हाला येते. ताई, आम्हाला येते ना?" आणि कुणी काही म्हणायच्या आत ती एका पायावर उभी राहिली आणि उतरायला लागली. एकीने सुरू केल्यावर बाकीचे कुठले थांबतात? अख्खा वर्ग उतरायला लागला. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो, तरी काही फरक पडला नाही. ते बरोब्बर तिथेच थांबले जिथे मी थांबवायचो. हात मांडीवर. कंबर बाहेर. आणि भरलेल्या हॉलमध्ये, सगळ्यांनी मिळून, "हं."

मागे कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या वकिलापाशी गेल्या, खाली वाकल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "हे असं नसतं, बाळा. हात नाही लावायचा. असं केलंस तर तुझं अंग दुखेल. कुणी शिकवलं असं?"

मला वाटतं मॅडमना पहिल्याच "हं"ला सगळं कळलं होतं. चाळीस वर्षं नाचणाऱ्यांचे गुडघे बघितलेली बाई ती. पण त्यांनी ताईकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मुलीकडेच बघत राहिल्या.

वकिलाने एकदा ताईकडे पाहिलं. ताई पांढरीफटक पडली होती. पोर हुशार. काहीतरी मोठं चाललंय आणि ताई संकटात आहे, एवढं तिला कळलं. ती खाली बघत म्हणाली, "कुणी नाही. माझंच चुकलं असेल."

जी पोरगी दीड महिन्यात एकदाही, एकदाही चुकले म्हणाली नव्हती, ती सगळ्या शाळेसमोर, स्वतःच्या आईसमोर चुकले म्हणाली.

"नाही," ताई म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "नाही. ती नाही चुकली. यातलं कुणीच नाही चुकलं. त्यांनी मला बघून केलं, मी जसं करते तसंच. माझा गुडघा बरा झाला नाही, मॅडम. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

मॅडम हळूच सरळ उभ्या राहिल्या.

"थोडा तरी बरा झाला होता का?"

"नाही."

"मग यंदा ती भूमिका तुझी नाही." साखरपेरणी नाही, सारवासारव नाही. "पुढच्या वर्षीचं डॉक्टर सांगतील. मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी तुला हो म्हणणार नाही. उद्या सकाळी आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ."

"हो," ताई म्हणाली.

बस. संपलं. इतक्या वर्षांची गोष्ट एवढ्याशा बोलण्यात संपली. मला मॅडमचा संताप आला आणि त्याच वेळी हेही कळत होतं की दुसरं काही त्या बोलूच शकत नव्हत्या.

वकील ताईपाशी गेली आणि तिने तिच्या विजारीचं कापड ओढलं.

"ताई, खूप दुखतं?"

ऑपरेशन झाल्यापासून कंपनीत तिला प्रत्येकाने विचारलं होतं, कधी बरा होणार? मीसुद्धा तेच विचारलं होतं. दुखतं का, असं कुणी विचारलं नव्हतं.

"हो गं," ताई म्हणाली. "खूप दुखतं." आणि तिथेच, हॉलच्या मधोमध, हात टेकून, पाय लांब करून, कशीबशी जमिनीवर बसली आणि रडायला लागली. डोळे पुसत वगैरे नाही, हमसून हमसून.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग एक जण जमिनीवर बसला, पाय लांब करून. मग दुसरी. मग सगळा वर्ग तिच्यामागे तसाच बसला. दीड महिना ताई जे करेल ते करायचं हेच तर त्यांना शिकवलं होतं. मोठ्या माणसांतलं कुणी हललं नाही. रिंगला लटकणारा तो गुंड सगळ्यात पुढे होता. त्याने घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "ताई, रडायचंसुद्धा का?"

ताईने मागे वळून पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, जणू नाच चालू असतानाच, तिने त्या मुलांकडे तोंड केलं. नाक लाल, गाल ओले, आणि त्या रडण्यातच तिला हसू आलं.

"नाही रे बाळांनो," ती म्हणाली. "हे एवढं माझं एकटीचं आहे."

मुलं शहाणी. ती नुसती बसून राहिली. पण मला काही तिने मनाई केली नव्हती. मी उठलो, तिच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसलो आणि रडलो.